मादी वगळण्याआधी

मुलुंड (पूर्व)
रविवार, दुपार

चि. ऋता,


तुझ्या प्रोजेक्टचा मसुदा मिळाला. छापून पाठवलास ते बरं केलंस, मोबाईलवर तक्ते वाचणं माझ्याच्याने होत नाही. पहिली तीन पानं सरळ गेली, चौथ्यावर अडले. तिथे तू लिहिलंयस : ‘प्रयोगात फक्त नर विस्टार रॅट वापरण्यात येतील, कारण मादीच्या ऋतुचक्रामुळे निष्कर्षांत अस्थिरता येते.’ हे वाक्य तुझं नाही. नोकरीच्या काळात ते मी इतक्या प्रबंधांत वाचलंय, की मूळ कोणाचं आणि नक्कल कोणाची हे सांगता येऊ नये. दुसऱ्या एखाद्या विषयात ते असतं तर कदाचित मी पान उलटून पुढे गेलेही असते. पण तुझा विषय ॲड्रेनल ग्रंथीतलं ५-अल्फा-रिडक्टेज! रॅटच्या शरीरात नर आणि मादी यांच्यात जिथे जिथे मोठी तफावत सापडली आहे, त्या यादीत हे एन्झाइम अगदी वरच्या ओळीत आहे. अर्धा विषय दाराबाहेर ठेवून तू दार लावून घेतलंस.

तेव्हा पत्र लांबणार आहे. आईला सांग, माईआजीला बोलायला विषय सापडलाय.

आधी एन्झाइमबद्दलच. प्रस्तावनेत तू त्याला ‘टेस्टोस्टेरॉनला सक्रिय करणारं एन्झाइम’ म्हटलंयस. ते अर्धं खरं. टेस्टोस्टेरॉनपासून ते डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन बनवतं आणि हा नवा हार्मोन मूळच्यापेक्षा जोरकस असतो, इथवर ठीक. पण तेच एन्झाइम प्रोजेस्टेरॉनलाही धरतं आणि कॉर्टिकोस्टेरॉनलाही. कॉर्टिकोस्टेरॉन हा रॅटचा ताणाच्या वेळचा मुख्य हार्मोन. त्याच्यावर हे एन्झाइम चाललं की त्याचा जोर बराचसा ओसरतो आणि तो शरीराबाहेर पडायच्या वाटेला लागतो. म्हणजे एकाला बळ द्यायचं आणि दुसऱ्याचं काढून घ्यायचं, ही दोन्ही कामं एकाच्याच हातून होतात. त्यामुळे ‘क्रिया वाढली’ एवढंच लिहून भागत नाही. कोणता हार्मोन घालून मोजलीस, ते प्रत्येक आकृतीखाली आलं पाहिजे.

माणसात या एन्झाइमचं महत्त्व कळलं ते त्याच्या अभावातून. डोमिनिकन रिपब्लिकमधल्या एका खेड्यात जन्मतः मुली समजून वाढवलेली काही मुलं वयात येताना मुलगे होत. त्यांच्यात हे एन्झाइमच नीट नसतं, असं ज्युलिअॅन इम्पेरॅटो-मॅकगिन्ली आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवलं. या मुलांची प्रोस्टेट पुढे लहानच राहते, हेही त्यातून दिसलं, आणि ते एन्झाइम अडवणारं औषध शोधायला जोर चढला. फिनास्टेराइड हे ते औषध. १९९२ मध्ये अमेरिकेत ते प्रोस्टेटसाठी मंजूर झालं. अंधेरी स्टेशनबाहेर टक्कल घालवण्याच्या पाट्या दिसतात ना, त्यांतल्या बऱ्याच दवाखान्यांत मिळणारी गोळी हीच.

आता नर-मादी. १९३२ साली निकोलस आणि बॅरन या दोघांना असं आढळलं, की रॅटला सोडियम ॲमिटल देऊन गुंगी आणायची तर मादीला नराच्या साधारण निम्मा डोस पुरतो. पाच वर्षांनी होल्क आणि सहकाऱ्यांनी हेक्सोबार्बिटालसारखी औषधं घेऊन तीच गोष्ट आणखी पक्की केली : त्याच डोसवर मादी जास्त वेळ झोपते. कारण मेंदूत नसून यकृतात आहे. नराचं यकृत ही औषधं भराभर मोडतं. हे वाचून कोणालाही वाटेल, की नराचं यकृतच एकंदर चलाख. पण वरच्या हार्मोनांकडे, म्हणजे स्टेरॉइडकडे, वळलं की पारडं फिरतं. ५-अल्फा-रिडक्टेजची क्रिया मादीच्या यकृतात नराच्या कितीतरी पट असते. कोणाचं यकृत तेज, या प्रश्नाला उत्तरच नाही. कोणत्या कामाला, ते विचारावं लागतं.

आणि हा फरक येतो कुठून, ही माझ्या मते या सगळ्या शास्त्रातली सर्वांत देखणी गोष्ट आहे. तुझ्या मसुद्यात तिला एक ओळही मिळालेली नाही म्हणून जरा सविस्तर सांगते. सरळ उत्तर सुचतं ते असं, की नरात टेस्टोस्टेरॉन, मादीत इस्ट्रोजेन, दोघं यकृतावर जाऊन आपापलं काम करत असतील. स्टॉकहोममधल्या कॅरोलिन्स्का संस्थेत यान-ओके गुस्टाफसन यांच्या गटाने १९७० च्या दशकात याचा पिच्छा पुरवला. नर पिल्लाची वृषणं जन्मल्या-जन्मल्या काढली तर मोठेपणी त्याचं यकृत मादीसारखं वागतं. मोठ्या नराची काढली तर तसा पूर्ण पालट होत नाही. म्हणजे जन्माच्या आगेमागे मेंदूत काहीतरी ठरून जातं. पुढे दिसलं, की पिट्युटरी ग्रंथी काढून टाकली तर नर-मादी फरकच बराचसा पुसला जातो. तेव्हा पिट्युटरीतून यकृताला ‘मादी हो’ असं सांगणारा एखादा वेगळा हार्मोन असणार, असं धरून त्याला ‘फेमिनोट्रोपिन’ असं नावही देऊन झालं. कित्येक दिवस लोक त्याच्या शोधात होते.

तो निघाला आपला नेहमीचा वाढीचा हार्मोन. दोघांतही तोच. फरक आहे तो रक्तात येण्याच्या तऱ्हेत. टॅननबॉम आणि मार्टिन यांनी १९७६ मध्ये दाखवलं होतं, की नर रॅटमध्ये वाढीचा हार्मोन साधारण सव्वातीन तासांनी एकदा उसळतो आणि मधल्या वेळात रक्तात जवळजवळ नसतोच. मादीत उसळ्या लहान आणि मधल्या वेळातही पातळी बऱ्यापैकी टिकून, हे एडेन यांनी १९७९ मध्ये मांडलं. मग १९८१ साली ॲग्नेटा मोडे, गुस्टाफसन आणि सहकाऱ्यांनी नर रॅटमध्ये हा हार्मोन खंड न पाडता संथ सोडत ठेवला. नराच्या यकृतातली स्टेरॉइड मोडण्याची रीत मादीसारखी झाली. नवं रसायन नाही, नवा जीन नाही, फक्त मधली विश्रांती काढून घेतली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा संध्याकाळी परळहून मुलुंडच्या स्लो गाडीत उभी होते, आणि भांडुप कधी गेलं ते कळलं नाही.

हे झालं यकृताचं. तू घेतलीयस ॲड्रेनल. ती तू अजून प्रत्यक्ष पाहिलेली नाहीस, आणि त्यात तुझा दोष नाही. २०१४ मध्ये यूजीसीने कॉलेजातली विच्छेदनं बंद केली, तुमच्या पिढीने बेडूकसुद्धा कापला नाही. तो निर्णय मला पटतो. पण पहिल्यांदाच थेट रॅटची ग्रंथी काढायची म्हणजे हात कापणार. म्हणून ऐक. पोट उघडल्यावर आतडी एका बाजूला सारायची. मूत्रपिंड गडद लाल, लगेच दिसतं. त्याच्या वरच्या-आतल्या टोकाशी चरबीत रुतलेली, फिकट गुलाबी-तपकिरी, भिजलेल्या साबुदाण्यापेक्षा किंचित मोठी, ती ॲड्रेनल. चिमट्याने ग्रंथीला धरायचं नाही, शेजारच्या चरबीला धरायचं. ग्रंथीला धरलंस तर कवच फाटून आतलं चिमट्यालाच लागतं आणि वजनाचा बट्ट्याबोळ होतो. काढून फिल्टर पेपरवर हलकेच लोळवायची, चरबी सोडवायची आणि वाळायच्या आत तोलायची. डावी उजवीहून जराशी मोठी निघेल. त्यात दचकण्यासारखं काही नाही, तशीच असते.

आता एक मादी आणि एक नर शेजारी ठेव. मादी अंगाने लहान, पण ॲड्रेनल तिची मोठी. ज्युलियन किटे यांनी १९६१ पासून याच गोष्टीवर काम केलं. मादीची ॲड्रेनल कॉर्टिकोस्टेरॉन जास्त बनवते. तिच्या रक्तात ते धरून ठेवणारं प्रथिनही नरापेक्षा जास्त असतं. शिवाय वर सांगितलेलं यकृत ते वेगाने मोडत असतं. मोडतंय म्हणून जास्त बनवायचं, बनवायचं म्हणून ग्रंथी मोठी. ग्रंथीचं वजन हे काही अंशी दुसऱ्याच अवयवातल्या एन्झाइमचं उत्तर असतं, हे ध्यानात घे, म्हणजे तुझ्या चर्चेच्या प्रकरणात नुसत्या ॲड्रेनलकडे बघून निष्कर्ष काढायचा मोह होणार नाही. आणि ५-अल्फा-रिडक्टेज खुद्द ॲड्रेनलमध्येही आहेच. बीजकोश किंवा वृषणं काढली की तिथली त्याची क्रिया वाढते आणि ग्रंथी आपणच बनवलेलं कॉर्टिकोस्टेरॉन आपणच निकामी करू लागते. लैंगिक हार्मोन परत दिले की क्रिया उतरते. किटे यांच्या गटाचे १९७० च्या सुमाराचे लेख तुझ्या संदर्भयादीत नाहीत. ते आधी वाच, मग तुझं गृहीतक पुन्हा लिही.

यावरून ‘मादीची ॲड्रेनल मोठी असते’ असा नियम करायला जाशील, तर सोनेरी हॅमस्टर आडवा येईल. त्याच्यात नराची मोठी. माऊसमध्ये आणखी तिसराच प्रकार. त्याच्या ॲड्रेनलमध्ये अगदी आतल्या बाजूला पेशींचा एक पट्टा असतो, त्याला एक्स-झोन म्हणतात. एव्हलिन हॉवर्ड-मिलर यांनी १९२७ मध्ये त्याचं वर्णन केलं. नरात तो वयात येताना नाहीसा होतो. मादीत तो टिकतो, आणि पहिल्यांदा गाभण राहिली की जातो. नराची वृषणं काढली तर गेलेला पट्टा परत उगवतो. या पट्ट्यात २०-अल्फा-हायड्रॉक्सिस्टेरॉइड डिहायड्रोजनेज असतं, जे प्रोजेस्टेरॉनला निष्प्रभ करतं. तुझ्या वर्गातली ती मैत्रीण माऊसवर प्रोजेक्ट करणार म्हणत होतीस ना? तिला विचार, तिच्या माद्या एकदा तरी व्यायलेल्या आहेत की नाहीत. तिच्या कागदावर ती नोंद नसेल तर ॲड्रेनलचे आकडे कशाचे आहेत ते तिलाही सांगता येणार नाही.

लाळग्रंथीचा उल्लेख तू जाता जाता केलायस, म्हणून एक दुवा देते. माऊसच्या जबड्याखालच्या लाळग्रंथीतल्या नलिका नरात मोठ्या आणि दाणेदार असतात, हे अँटवान लाकासान्य यांनी १९४० मध्ये पाहिलं. वीस वर्षांनी स्टॅन्ली कोहेन यांनी नर माऊसच्या याच ग्रंथीतून चेतातंतू वाढवणारा घटक वेगळा केला. त्या घटकावर काम करताना ग्रंथीचा अर्क नवजात पिल्लांना टोचला, तर त्यांचे डोळे वेळेच्या कितीतरी आधी उघडले. त्या डोळ्यांवरून त्वचा वाढवणारा घटक सापडला आणि १९८६ मध्ये त्यांना रीटा लेवी-मोन्तालचिनींबरोबर नोबेल मिळालं. हे घटक मोठ्या प्रथिनाच्या रूपात बनतात आणि मग त्याच ग्रंथीतली कॅलिक्रीन जातीची एन्झाइम त्यांना छाटून कामाचा तुकडा मोकळा करतात. वृषणं काढली की घटकही घटतात आणि ही एन्झाइमही. टेस्टोस्टेरॉन टोचलं की परत येतात. इथे नर निवडणं योग्यच होतं, कारण माल नरातच जास्त होता. फक्त नर वापरायला माझा विरोध नाही. का वापरले याचं कारण विषयातून यावं, जुन्या प्रबंधातून नको.

हेच लाकासान्य आपल्या परळमध्ये झालेल्या संशोधनाच्या गोष्टीतही येतात. १९३२ मध्ये त्यांनी नर माऊसना इस्ट्रोजेन टोचून त्यांच्यात स्तनाचा कर्करोग उभा केला. पुढे १९३६ मध्ये बिटनर यांनी दाखवलं, की माऊसच्या काही वाणांत हा रोग आईच्या दुधातून पिल्लात जातो. तो दुधातला घटक म्हणजे विषाणू. वाण, हार्मोन आणि विषाणू या तिघांची सांगड कशी लागते, हा प्रश्न घेऊन आपल्याकडे उभ्या राहिल्या कमल रणदिवे. पुण्याच्या समर्थांच्या घरातल्या, हुजूरपागेत शिकलेल्या. वनस्पतींच्या गुणसूत्रांवर एम.एस्सी. केलेल्या या बाई लग्नानंतर मुंबईला आल्या, डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली, बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी वाढवायचं तंत्र शिकल्या आणि परत येऊन परळच्या कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी त्याची प्रयोगशाळा उभी केली. माऊसचे वाण पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणं हे त्या कामाचं अंग, आणि ते किती जिकिरीचं असतं हे मे महिन्यात लोडशेडिंगमध्ये ॲनिमल हाऊसचे पंखे बंद पडलेले ज्याने पाहिलेत त्यालाच कळेल. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. वाशीला तुमच्या कॉलेजची ट्रिप जिथे गेली होती, ती भारतीय महिला वैज्ञानिक संघटना १९७३ साली त्यांनीच सुरू केलेली.

रणदिव्यांच्या विषयात मादीला वगळता येणारच नव्हतं. तिथे वगळायचा प्रश्न उलट बाजूने आला असता. माझं म्हणणं असं आहे, की ज्या विषयांत आपल्याला मादी ‘लागत नाही’ असं वाटतं, तिथेही हीच शिस्त हवी. आणि त्याच परळमध्ये सावधगिरीचा दुसरा धडाही मिळाला. माऊसच्या दुधात विषाणू आहे, मग माणसाच्या दुधात? मुंबईच्या पारशी स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त, म्हणून त्यांचं दूध इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिलं गेलं. १९७१ मध्ये ‘नेचर’मध्ये डॅन मूर यांच्या गटाचा लेख आला. त्यात आपल्याकडच्या सत्यवती सिरसाट आणि पेमास्टरही होते. विषाणूसारखे कण दिसले होते. जगभर खळबळ उडाली. पण स्त्रियांचा कर्करोग माऊससारखा दुधातून जातो, हे काही सिद्ध झालं नाही. काम चोख, तपासणारे चोख, तरी माऊसवरून माणसावर उडी मारता आली नाही.

आता तुझ्या त्या ‘अस्थिरते’कडे येते. रॅटचं चक्र चार-पाच दिवसांचं. रोज सकाळी ठरलेल्या वेळी योनीतला स्राव ड्रॉपरने घ्यायचा, काचेवर पसरायचा आणि पाहायचा. गोल, केंद्रक असलेल्या पेशींचे पुंजके दिसले तर प्रोइस्ट्रस. केंद्रक हरवलेल्या, कडा वळलेल्या, कोंड्यासारख्या चपट्या पेशी म्हणजे इस्ट्रस. नुसत्या बारीक पांढऱ्या पेशींची गर्दी असेल तर डायइस्ट्रस. एका मादीला फार वेळ लागत नाही. गिनीपिगवर हे तंत्र १९१७ मध्ये स्टॉकार्ड आणि पापानिकोलाऊ यांनी वापरलं, आणि त्याच पापानिकोलाऊंच्या नावाची पॅप टेस्ट तुझ्या आईने गेल्या वर्षी केली. इतक्या जुन्या आणि स्वस्त युक्तीला आपण अडचण म्हणतो!

आणि मादीचे आकडे खरंच जास्त विखुरतात का? प्रेन्डरगास्ट, ओनिशी आणि झुकर यांनी २०१४ मध्ये माऊसवरचे २९३ लेख एकत्र घेऊन हिशोब केला. चक्राचा दिवस न पाहता घेतलेल्या माद्यांचे आकडेही नरांपेक्षा जास्त विखुरलेले नव्हते. नर काही दगड नसतो. एका पिंजऱ्यात चार नर ठेवले की एक दादा होतो, बाकीचे दबतात, आणि त्यांचं टेस्टोस्टेरॉन व कॉर्टिकोस्टेरॉन त्या दादागिरीप्रमाणे हलतं. त्या चढउताराला कोणी ‘अस्थिरता’ म्हणून पान चारवर जागा देत नाही. अमेरिकेच्या एनआयएचने जानेवारी २०१६ पासून अनुदान मागणाऱ्यांना नर-मादीचा विचार प्रयोगातच करा, नाहीतर न करण्याचं कारण द्या, असं बजावलं. उशीरच झाला, पण झालं.

माद्याही सगळ्या सारख्या नसतात, हे मला पुस्तकाआधी आमच्या ॲनिमल हाऊसच्या मामांनी शिकवलं. दोन दिवसांची पिल्लं तुसावर एका ओळीत ठेवून ते शेपटीखाली गुदद्वार आणि जननेंद्रिय यांतलं अंतर पाहत आणि क्षणात नर डावीकडे, माद्या उजवीकडे. नराचं अंतर मादीच्या जवळजवळ दुप्पट असतं. पण मधूनच एखादी मादी हातात घेऊन ते थबकायचे आणि म्हणायचे, ‘ही भावांच्या मधली दिसते बाई.’ फॉम साल आणि ब्रॉन्सन यांचा १९८० चा लेख नेमका यावरच होता : गर्भाशयात दोन नरांच्या मध्ये वाढलेल्या माऊसच्या मादीवर शेजारच्या टेस्टोस्टेरॉनची छाप पडते आणि मोठेपणी ती थोडी वेगळी वागते. मामांनी तो लेख वाचलेला नव्हता. त्यांचं नाव आमच्या एकाही शोधनिबंधात आभारापुरतंसुद्धा आलं नाही, ते यायला हवं होतं.

आणखी एक हिशोब, जो कोणी मांडत नाही. तू फक्त नर मागवतेस, पण जन्माला तर दोघं येतात. उरलेल्या माद्यांचं काय होतं, ते पुरवठादाराला एकदा विचार. प्राणी कमी वापरावेत म्हणून प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीपुढे आपण अर्ज भरतो आणि निम्मे प्राणी न वापरताच वाया घालवतो. चोवीस रॅटची परवानगी असेल तर बारा नर, बारा माद्या घे. औषध आणि लिंग हे दोन घटक एकाच आखणीत बसतात, प्राणी दुप्पट लागत नाहीत. तुमच्या स्टॅटिस्टिक्सच्या सरांना विचार, हे त्यांचं रोजचं काम आहे.

वेळेचंही लिही. रॅट रात्रीचा प्राणी, त्याचं कॉर्टिकोस्टेरॉन संध्याकाळी चढतं. तू बोरिवलीहून निघणार. पाऊस पडला, पश्चिम रेल्वे रखडली आणि नऊऐवजी साडेअकराला ग्रंथी काढल्यास, तर तो आकडा कालच्या आकड्याशेजारी निमूटपणे मांडायचा नाही. पिंजरा उचलल्यापासून दोन-तीन मिनिटांत रक्त घेतलं नाही तर तू ताण मोजशील, ग्रंथी नाही. आणि पिंजरा कोण उचलतं, तेसुद्धा लिही. मॅकगिल विद्यापीठातल्या मोगिल यांच्या गटाला २०१४ मध्ये असं दिसलं, की पुरुष जवळ असला, नव्हे त्याने घातलेला टी-शर्ट जरी ठेवला, तरी रॅट-माऊसवर ताण येतो. बाईच्या वासाने तसं होत नाही. तुझ्या लॅबमधला तो परफ्यूम मारून येणारा मुलगा मदत करणार असेल तर सगळ्याच दिवशी करू दे, नाहीतर एकाही दिवशी नको.

शेवटचं पान वाचून मात्र मी खरीच रागावले. ‘यावरून स्त्रियांमधील पीसीओएसवर प्रकाश पडेल’ म्हणे! नर रॅट वापरून? पीसीओएस, म्हणजे बीजकोशात गाठी दिसणारा हार्मोनांचा विकार, हा मुंबईतला खराच मोठा प्रश्न आहे. परळच्या राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेने मुंबईतल्या १५ ते २४ वयाच्या मुलींची पाहणी केली, ती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. रॉटरडॅम निकष लावला तर २२.५ टक्के मुलींत तो निघाला, दुसरा कडक निकष लावला तर १०.७ टक्के. या विकारासाठी रॅटचं एक नमुनारूप वापरतात : मादीला लेट्रोझोल देऊन अरोमाटेज बंद पाडायचं. अरोमाटेज बीजकोशात टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करतं. ते अडवलं की टेस्टोस्टेरॉन साठतं आणि बीजकोशात गाठी दिसू लागतात. उपयोगी नमुना आहे. पण या मुलींपैकी कोणाला हा विकार लेट्रोझोल खाऊन झालेला नाही.

शिवाय तुझ्या ॲड्रेनलपुरती तर आणखी मोठी अडचण आहे. रॅटच्या ॲड्रेनलमध्ये १७-अल्फा-हायड्रॉक्सिलेज जवळजवळ नसतंच. म्हणून तो कॉर्टिसोल बनवत नाही, कॉर्टिकोस्टेरॉनवर भागवतो, आणि डीएचईएसारखे पुरुषी हार्मोनही त्या ग्रंथीतून येत नाहीत. माणसाच्या ॲड्रेनलमधून ते भरपूर येतात, आणि पीसीओएसमध्ये नेमके त्यांच्याकडे डॉक्टरांचं लक्ष असतं. यकृताचंही तसंच. रॅटमध्ये काही एन्झाइम फक्त नरात, काही फक्त मादीत, इतका टोकाचा प्रकार आहे. माणसात फरक असतात, पण ते असे काळे-पांढरे नसतात. तरी ते आहेत, आणि महागात पडू शकतात : झोल्पिडेम ही झोपेची गोळी बाजारात येऊन वीस वर्षं होत आली, तेव्हा कुठे २०१३ च्या जानेवारीत अमेरिकेच्या एफडीएने बायकांसाठी तिचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणला, कारण सकाळी गाडी चालवायच्या वेळीही त्यांच्या रक्तात ती जास्त उरत होती. रॅटचं १९३२ मध्ये कळलेलं होतं.

तेव्हा ते शेवटचं वाक्य काढ. त्याऐवजी कोणत्या वाणाच्या, किती आठवड्यांच्या, कोणत्या लिंगाच्या रॅटच्या कोणत्या ग्रंथीत काय मोजलं, एवढंच लिही. मार्गदर्शक बाई म्हणतील ‘उपयोग काय ते लिहा’, तर त्यांना माझा नंबर दे.

आता कामाचं. तक्ता दोनमध्ये लॅबमधल्या आधीच्या प्रयोगातली एन्झाइमची क्रिया दिलीयस, पण ती दर मिलिग्रॅम प्रथिनामागे की एका ग्रंथीमागे, हे कुठेच दिसत नाही. मादी घेतलीस की हा प्रश्न लगेच अंगावर येईल, कारण तिची ग्रंथीच मोठी. प्रथिनामागे नर-मादी सारखे निघतील आणि ग्रंथीमागे वेगळे, किंवा उलट. दोन्ही रकाने ठेव. ग्रंथींची वजनं तोलून लिहिलेली वही असेल तर तिच्या पानांचे फोटो छापून पाठव, टाइप करत बसू नकोस. आणि तक्त्यातलं सहाव्या ओळीतलं वजन मला डाव्या-उजव्या दोन्ही ग्रंथींचं मिळून वाटतंय, बाकी ओळी एकेकीच्या आहेत. ते तपास.

पुढच्या रविवारी येणार असशील तर ठाण्याची गाडी पकड, कुर्ल्याला उगाच उतरू नकोस. बाबांना नमस्कार.

तुझी,
माईआजी